तीनच दावेदार

जुने दिवाळी अंक जमवण्याचा मला नाद आहे. एखादा अंक हाती आला की मी आधी त्यातल्या जाहिराती वाचतो. कथा आणि लेख पुढे पुस्तकांत येतात, जाहिराती मात्र अंकाबरोबर रद्दीत जातात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. ती टिकली ती वाचकांच्या वर्गणीइतकीच जाहिरातदारांच्या पैशावर. केशतेल, बाम, दंतमंजन, साबण, शक्तिवर्धक गोळ्या यांनी आपल्या साहित्याला किती वर्षे पोसले आहे, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

या नादामागे एक खासगी कारणही आहे. चोविसाव्या वर्षी माझे केस झपाट्याने गळू लागले. तेव्हा एका मासिकातली जाहिरात पाहून मी एका तेलाच्या तीन बाटल्या मागवल्या. ‘गुण न आल्यास पैसे परत’ अशी ग्वाही होती. तीन महिने नेमाने तेल चोळले. गुण आला नाही. पैसे परत मिळवायचे तर रिकाम्या बाटल्या, मूळ पावती आणि अर्ज असे सगळे टपालाने पाठवायचे होते. टपालखर्चाचा अंदाज घेतला आणि बाटल्या माळ्यावर टाकल्या. टकलावरून तक्रार करायची लाज वाटली, हेही खरे.

मी वकील नाही आणि कायद्याचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. पण त्या न लिहिलेल्या अर्जाने मला पुढे बरेच वाचायला लावले. प्रश्न साधा होता : फसवणूक लाखो लोकांची होते आणि प्रत्येकाचे नुकसान मात्र चार पैशांचे असते, तेव्हा न्याय मागायचा कुणी?

*

या प्रश्नाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात लंडनमधल्या एका रबरी चेंडूपासून करावी लागते. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ हे त्याचे नाव. चेंडूत कार्बोलिक आम्लाची पूड असे आणि त्याला एक नळी जोडलेली असे. नळी नाकाशी धरून चेंडू दाबला की धुरासारखी पूड आत जाई, नाक वाहू लागे आणि रोगजंतू धुऊन निघतात असा दावा होता. १८८९ नंतर इन्फ्लुएन्झाच्या लाटांमागून लाटा येत होत्या आणि लोक घाबरलेले होते. १३ नोव्हेंबर १८९१ रोजी ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये कंपनीची जाहिरात आली. छापील सूचनांप्रमाणे दोन आठवडे, दिवसातून तीनदा चेंडू वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा किंवा सर्दी होईल, त्याला १०० पौंड बक्षीस. आमची सचोटी पटावी म्हणून १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत, असेही त्यात होते. चेंडूची किंमत होती १० शिलिंग.

लुइझा कार्लिल या बाईंनी एक चेंडू घेतला आणि रोज तीनदा वापरला. १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. त्यांचे पती पूर्वी सॉलिसिटर होते, म्हणजे कागदाला कागद कसा भिडवायचा हे घरात ठाऊक होते. पतींनी कंपनीला पत्रे लिहिली. आधी दाद मिळाली नाही. पुढे जे उत्तर आले ते मासलेवाईक होते. आमच्या औषधावर आमचा पूर्ण विश्वास आहे, पण खोटे दावेदार टाळण्यासाठी तुम्ही रोज आमच्या कचेरीत यावे, चिटणिसासमोर चेंडू वापरावा आणि तशी नोंद करून घ्यावी, असे कंपनीचे म्हणणे होते. ‘औषध खोटे नाही, तुम्ही ते नीट वापरले नसेल,’ हा बचाव तेव्हापासूनचा आहे. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कोर्टात कंपनीच्या बाजूने सुरुवातीला उभे होते एच. एच. अॅस्क्विथ, म्हणजे पुढचे ब्रिटिश पंतप्रधान. ही नुसती जाहिरातीतली बढाई होती, सगळ्या जगाशी कुणी करार करत नसते, असा कंपनीचा युक्तिवाद. कंपनी खाली हरली आणि ७ डिसेंबर १८९२ रोजी अपिलातही हरली. न्यायमूर्ती लिंडली, बोवेन आणि स्मिथ या तिघांनीही निकाल दिला की बँकेत पैसे ठेवल्याचे सांगणारा माणूस थट्टा करत नसतो. जगासमोर ठेवलेल्या देकाराप्रमाणे जो वागेल त्याच्याशी करार होतो. बाईंना १०० पौंड मिळाले. आजही आपल्याकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करार शिकतो तो याच खटल्यापासून.

पण वर्गात सहसा सांगितली न जाणारी गोष्ट या निकालानंतरची आहे. १८९३ च्या फेब्रुवारीत चेंडूची नवी जाहिरात आली. या वेळी बक्षीस २०० पौंडांचे होते, अटी मात्र अधिक कडक. त्यात कंपनीने अभिमानाने सांगितले की आधीच्या जाहिरातीवर हजारो चेंडू विकले गेले आणि बक्षीस मागायला आले फक्त तिघे. तेव्हा हे औषध अचूक आहे हे सिद्धच झाले.

मी हे वाचून बराच वेळ थांबलो. एवढ्या साथीत चेंडू घेणाऱ्यांपैकी तिघांनाच सर्दी झाली असेल, हे कोण मानेल? बाकीचे खोकत, शिंकत घरी बसले. कुणाला पत्र लिहायचा कंटाळा आला, कुणाला जाहिरातीला भुललो याची लाज वाटली, कुणाला वकील परवडला नाही. त्यांच्या गप्प बसण्याचेच कंपनीने प्रशस्तिपत्रक केले. गप्प बसलेले गिऱ्हाईक हे समाधानी गिऱ्हाईक, असा हा हिशेब आहे, आणि भुलवणाऱ्या जाहिरातीचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

*

अनेकांच्या वतीने एकाने दावा लावण्याची सोय इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीत होती, पण १९१० च्या एका निकालाने तिची व्याप्ती फार अरुंद करून टाकली. वाट मोकळी झाली ती अमेरिकेत. १९६६ साली तिथल्या संघीय दिवाणी प्रक्रियेचा नियम २३ नव्याने लिहिला गेला. या नियमाने केलेला बदल वरवर तांत्रिक दिसतो. पैशाच्या भरपाईसाठीच्या अशा दाव्यांत पूर्वी ज्याने नाव नोंदवले तोच सामील धरला जाई. आता ज्याने ‘मला वगळा’ असे कळवले नाही, तो प्रत्येक गिऱ्हाईक दाव्यात आहे असे धरायचे ठरले. म्हणजे मौनाचा अर्थ उलटा झाला. लंडनच्या जाहिरातीत गप्प बसलेले लोक कंपनीच्या बाजूने मोजले गेले होते. नव्या नियमाने ते फसवल्या गेलेल्यांच्या बाजूने मोजले जाऊ लागले. न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी २००४ साली एका निकालात याचे कारण चिमटा काढून सांगितले आहे. एक कोटी सत्तर लाख माणसांचा एक दावा नाकारलात तर एक कोटी सत्तर लाख दावे येणार नाहीत, एकही येणार नाही, कारण तीस डॉलरसाठी कोर्टात जाणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा हटवादी.

सर्दीचा धागा इथेही सुटत नाही. लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधाची जाहिरात १९२१ पासून सर्दी आणि घसादुखीवरचा उपाय म्हणून होत होती. फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली आदेश दिला की पुढच्या सुमारे एक कोटी डॉलरच्या जाहिरातींत कंपनीनेच सांगावे : लिस्टरिनने सर्दी टळत नाही आणि तिचा जोरही कमी होत नाही. १९७७ साली अपील न्यायालयाने हा आदेश मुख्यतः कायम ठेवला. ‘आमच्या आधीच्या जाहिरातींच्या विपरीत’ एवढे कबुलीचे शब्द मात्र गाळायला परवानगी दिली. पन्नास वर्षांची समजूत एका दंडाने पुसली जात नाही, ती ज्या तोंडाने पसरवली त्याच तोंडाने मागे घ्यावी लागते, हा विचार त्यातून रुजला. पण हा आदेश सरकारी यंत्रणेचा होता, गिऱ्हाइकाच्या हाती त्यातून काही पडले नाही.

ते पडले ‘एअरबोर्न’च्या प्रकरणात. पाण्यात विरघळणाऱ्या या गोळ्या एका प्राथमिक शिक्षिकेने तयार केल्या, ही त्यांची मोठी विक्रीची गोष्ट होती. वर्गातल्या मुलांची सर्दी लागू नये म्हणून बाईंनी शोधलेला उपाय! २००६ साली एका दूरचित्रवाणी वाहिनीने शोध घेतला तेव्हा कळले की ज्या ‘वैद्यकीय चाचणी’चा हवाला दिला जात होता, ती करणाऱ्या संस्थेत दोनच माणसे होती आणि त्यांत ना डॉक्टर होता ना शास्त्रज्ञ. गिऱ्हाइकांच्या वतीने सामुदायिक दावा लागला. २००८ साली कंपनीने चूक कबूल न करता २ कोटी ३३ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. पुढे फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईने हा आकडा ३ कोटींपर्यंत गेला. पावती नसली तरी ठरावीक पाकिटांपर्यंत पैसे परत मागता येत होते. सर्दीच्या गोळ्यांची पावती कोण जपून ठेवतो, हे तडजोड लिहिणाऱ्यांना कळले होते.

या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत. अशा तडजोडींत वकिलांचा वाटा डोळ्यांत भरतो, गिऱ्हाइकाच्या हाती कधी चहापाण्याचे पैसे येतात आणि अर्ज भरणारे पुष्कळदा थोडेच निघतात. तरीही लबाडीतून मिळवलेला पैसा लबाडी करणाऱ्याच्या खिशात राहत नाही, एवढे तरी साधते.

*

आपल्याकडे काय घडले? आपण सुरुवात केली फौजदारी बाजूने. १९५४ साली औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांसारखे रोग बरे करतो अशी जाहिरात करणे गुन्हा ठरले. आज त्याच्या यादीत ५४ रोग आहेत. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा राखला. निषिद्ध औषध खपवण्यासाठी केलेली जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद किंवा दंड एवढीच शिक्षा होती, आणि फसलेल्या माणसाला या कायद्यात जागाच नव्हती. तो फार तर साक्षीदार.

त्याला जागा मिळावी म्हणून धडपडलेल्यांत महाराष्ट्र पुढे होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. मुंबईत शेजारपाजारची घरे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेऊ लागली. एकटे गिऱ्हाईक दुबळे असते, दहा घरे एक झाली की व्यापारी ऐकतो, हे आपल्या बायकांनी डाळ-तांदळाच्या हिशेबात सिद्ध करून दाखवले होते.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तोच विचार कलम १२(१)(क) च्या रूपाने आला : मंचाची परवानगी घेऊन एक ग्राहक त्याच कारणाने पीडित असलेल्या सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतो. २००२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. नुकसान झालेले ग्राहक असंख्य असतील आणि सहज ओळखता येत नसतील, तर कंपनीने सदोष मालाच्या विक्रीमूल्याच्या किमान ५ टक्के रक्कम भरावी असे ठरले. २०१९ च्या नव्या कायद्यात ते प्रमाण २५ टक्के झाले. जाहिरातीचे खंडन करायला लावण्याचा अधिकार २००२ च्या दुरुस्तीनेच आला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला १० लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येऊ लागला. म्हणजे कागदावर आपले मौनही मोजले जाऊ लागले.

प्रत्यक्षात मात्र सामुदायिक तक्रारीचे गाजलेले निकाल शोधू लागलो की बहुतेक फ्लॅट घेणाऱ्यांचे सापडतात. साहजिकच आहे. घरात आयुष्याची पुंजी अडकलेली असते, इमारतीतले लोक एकमेकांना ओळखतात, त्यांची सोसायटी होते. एकच मलम लावणाऱ्यांची सोसायटी कुठे असते?

म्हणून आपल्याकडे ती वाट एकट्यानेच चालावी लागते. दिल्लीतल्या एका तरुणाने पुरुषांना गोरे करणारे ‘फेअर अँड हँडसम’ हे मलम ७९ रुपयांना घेतले. रंग उजळला नाही म्हणून त्याने इमामी कंपनीविरुद्ध २०१३ साली तक्रार केली. जिल्हा मंचाने २०१५ साली १५ लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. अपिलात तो रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला परत आले. कंपनीचे म्हणणे काय होते? तक्रारदाराने मलम सांगितल्याप्रमाणे वापरल्याचा पुरावा नाही. शिवाय चांगला आहार, व्यायाम, स्वच्छता याही गोष्टी लागतात. लंडनच्या चिटणिसासमोर रोज चेंडू ओढायला बोलावणारे पत्र मला इथे पुन्हा दिसले. वेष्टनावर या अटी नव्हत्या, हे मंचाने नोंदवले. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आदेश झाला : साडेचौदा लाख रुपये दिल्लीच्या ग्राहक कल्याण निधीत आणि ५० हजार तक्रारदाराला. ७९ रुपयांसाठी त्या माणसाने अकरा वर्षे घालवली. पोस्नरसाहेबांच्या व्याख्येप्रमाणे हटवादी माणूस, आणि अशा माणसांचे आपल्यावर ऋण आहे. पण त्याच वर्षांत ज्या असंख्य तरुणांनी ते मलम घेतले, ते या निकालात कुठेच नाहीत.

त्याच २०२४ साली पतंजलीच्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या अर्जावरची ही सुनावणी. कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की हा माफीनामा तुमच्या नेहमीच्या जाहिरातीएवढ्याच आकाराचा आहे का? लिस्टरिनचाच धडा, नव्या शब्दांत. माफी न्यायालयाची आणि जनतेची मागितली गेली. औषध विकत घेतलेल्या माणसाने पैसे परत मागण्याचा प्रश्न तिथे निघालाच नाही. तिथे फिर्यादी डॉक्टरांची संघटना होती. ग्राहक त्या दालनात नव्हता.

हत्यार हाती आहे, उचलणारे हात कमी आहेत. आपल्याकडे खटल्याच्या रकमेत वाटा घेऊन काम करायला वकिलांना मुभा नाही. तसे असावे की नसावे यावर वाद होऊ शकतो. पण मग खर्च कुणी करायचा, याचे उत्तर ग्राहक संस्थांना बळ देण्यातच शोधावे लागेल. कल्याण निधीत जमा होणारा पैसा अशा तक्रारींसाठी मोकळ्या हाताने वापरला जावा, आणि किमान २५ टक्क्यांची तरतूद मलम, तेल आणि गोळ्यांच्या बाबतीतही पुढे आणण्याचा आग्रह तक्रारदारांनी धरावा, असे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला वाटते. किराण्यासाठी संघ करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या घरांना हे अवघड वाटू नये.

लुइझा कार्लिल ९६ वर्षे जगल्या. मार्च १९४२ मध्ये त्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी मुख्य कारण वार्धक्य लिहिले आणि जोडीला दुसरे कारण दिले : इन्फ्लुएन्झा.

माझ्या तेलाचे म्हणाल, तर त्याची पुढच्या वर्षीची जाहिरात परवा एका जुन्या अंकात सापडली. ग्वाही तीच होती, पैसे परत. खाली एक ओळ नवी होती : ‘हजारो समाधानी ग्राहक’. त्या हजारांत एक मी होतो.