बिदर-कलबुर्गीच्या आकाशातील प्लाझ्माचे बुडबुडे

सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेल्या हवेच्या उच्च थरास आयनांबर म्हणतात. उपग्रहांचे स्थाननिर्देशक संकेत त्यातूनच जमिनीवर येतात. बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांवर हा थर सूर्यास्तानंतर अनेकदा अस्थिर होतो.

याचे मूळ दक्षिणेस आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथे 1963 मध्ये अग्निबाण-प्रक्षेपण सुरू झाले ते याच कारणाने. तेथे दिवसा वर उचलला गेलेला प्लाझ्मा चुंबकीय बलरेषांवरून उतरत अहमदाबादच्या अक्षांशाजवळ साचतो. बिदर-कलबुर्गी या दोहोंच्या मधल्या चढावर येतात. संध्याकाळी थराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो आणि वरचा दाट राहतो. जड द्रव हलक्यावर ठेवल्यासारखी ही स्थिती टिकत नाही. खालचा विरळ प्लाझ्मा बुडबुड्यासारखा वर घुसतो. विषुववृत्तावर तो सुमारे 500 किलोमीटर उंची गाठेल, तेव्हाच बलरेषांच्या आधाराने त्याचे टोक बिदरच्या अक्षांशापर्यंत पोहोचते. साहजिकच दक्षिणेत उठलेला प्रत्येक बुडबुडा येथे दिसत नाही.

कोल्हापूर जवळपास कलबुर्गीच्याच अक्षांशावर आहे. तेथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेने बसवलेल्या सर्वाकाश कॅमेऱ्यात हे बुडबुडे रात्रीच्या मंद तांबड्या वायुदीप्तीत उत्तर-दक्षिण काळ्या पट्ट्यांसारखे उमटतात. अर्थात आकाश निरभ्र आणि चांदण्याविना हवे; पावसाळ्यात कॅमेऱ्याचा उपयोग नाही. पट्टे पूर्वेकडे सरकतात. सेकंदाला 100 मीटर हा सायंकालीन वेग धरल्यास गोव्याच्या रेखांशावरील पट्टा तासाभरात कलबुर्गीच्या रेखांशावर येतो.

संकेताच्या मार्गातील प्लाझ्मा दहा एककांनी बदलला, तर जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर अंतर दीड मीटरहून अधिक चुकते. बुडबुड्याच्या कडेला संकेत लुकलुकतो, क्वचित तुटतोही. विमानांसाठीच्या ‘गगन’ प्रणालीचे एक संदर्भ केंद्र गोव्यात आहे. या प्रकारच्या प्रणालींत आयनांबराची दुरुस्ती पाच अंशांच्या जाळ्यावर दिली जाते. शंभरेक किलोमीटर रुंदीचा बुडबुडा त्या जाळ्यातून सहज निसटू शकतो. भारतीय आकाशासाठी म्हणूनच इस्रोने बहुस्तरीय प्रारूप तयार केले. शंका आल्यास प्रणाली त्रुटीची मर्यादा वाढवते, आणि अचूक उतरणीची सोय तेवढ्यापुरती बंद होते. 2019 मध्ये कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाल्याने हा प्रश्न या भागाच्याही दाराशी आला आहे.

ऋतुमान ठाऊक आहे: मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारतात सूर्यास्ताची रेषा बलरेषांना जवळपास समांतर होते, तेव्हा बुडबुडे अधिक. सौरडाग वाढलेल्या वर्षांत त्यांची संख्या आणखी वाढते. पण एका रात्री आकाश पट्ट्यांनी भरलेले आणि लगेच दुसऱ्या रात्री स्वच्छ, असे का, याचे खात्रीचे पूर्वानुमान अद्याप हाती आलेले नाही.