मूळ आणि कूळ : 'स्टीफन्स' या आडनावाची कथा

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. पासपोर्टच्या कामासाठी एक तरुण धर्मग्रामाच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आला. नोंदवहीतले त्याचे आडनाव आणि शाळेच्या दाखल्यातले आडनाव यांत एका अक्षराचा फरक होता. मी तो दाखवला, तेव्हा तो काहीशा उद्वेगाने म्हणाला, "फादर, मुळात हे आडनाव आपले नाहीच. पोर्तुगिजांनी चिकटवलेले. कॉलेजात मुले विचारतात, तुम्ही नक्की कुठले? मग एका अक्षरासाठी एवढी यातायात कशाला?" त्या क्षणी देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. दाखला घेऊन तो गेला. प्रश्न मात्र मागे राहिला.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आडनावाचे मूळ मात्र जरूर शोधावे, असे मला वाटते. कारण त्या शोधात पोकळ अभिमानही गळून पडतो आणि न्यूनगंडही. उदाहरणासाठी मी मुद्दामच आपल्यापैकी कोणाचे नव्हे, तर एक इंग्रजी आडनाव घेतो. मराठी ख्रिस्ती वाचकाला ते अपरिचित नाही. ते आडनाव म्हणजे 'स्टीफन्स'.

इंग्रजी म्हणून ओळखले जाणारे हे नाव मुळात इंग्रजी नाहीच. 'स्तेफानोस' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ विजेत्याच्या मस्तकावर ठेवावयाचे पर्णमुकुट किंवा हार असा होतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या व सातव्या अध्यायांत भेटणारा स्तेफन हा ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी. यरुशलेमच्या वेशीबाहेर दगडांचा वर्षाव होत असताना त्याने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली. इ. स. ४१५ मध्ये त्याचे अवशेष सापडल्याची वार्ता पसरली आणि त्याची भक्ती पूर्वेकडून पश्चिमेकडे सर्वत्र रुजली. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, आपण त्याचा सण पाळतो. फ्रान्समध्ये या नावाचे 'एतिएन' झाले, स्पेनमध्ये 'एस्तेबान', पोर्तुगालमध्ये 'एस्तेव्हांव'.

इंग्लंडात हे नाव सर्वसामान्यांमध्ये रूढ व्हायला बराच काळ लागला. तेथील लोकांची नावे एडवर्ड, आल्फ्रेड, गॉडविन अशी होती. स्टीफन हे नाव क्वचित एखाद्या मठवासीयाचे असे. आठव्या शतकाच्या आरंभी संत विल्फ्रिड यांचे चरित्र लिहिणारा रिपनचा स्टीफन हे त्याचे उदाहरण. पुढे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि जेत्यांबरोबर त्यांची नावेही आली. विल्यमचा नातू स्टीफन ११३५ ते ११५४ या काळात गादीवर होता. मटिल्डाशी झालेल्या यादवीने त्याची कारकीर्द रक्तरंजित झाली. डॉर्सेट परगण्याशी नाते असलेले स्टीफन हार्डिंग फ्रान्समधील सिटो मठाचे तिसरे मठाधिपती झाले आणि पुढे संतपदाला पोहोचले. कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी १२१५ च्या 'मॅग्ना कार्टा' या सनदेच्या वेळी जुलमी राजा जॉनच्या विरोधात उमरावांना बळ दिले. अशा रीतीने जेत्यांचे नाव दीडशे वर्षांत जितांचेही झाले.

पण तोवर ते केवळ नाव होते, आडनाव नव्हे. नॉर्मन अमदानीत मोजकीच नावे लोकप्रिय झाल्याने एकाच गावात अनेक विल्यम, अनेक जॉन नांदू लागले. त्यांना वेगळे ओळखायचे कसे? मग कोणी वस्तीवरून 'हिल' झाला, कोणी धंद्यावरून 'स्मिथ' म्हणजे लोहार, कोणी अंगलक्षणावरून 'शॉर्ट' म्हणजे बुटका, तर कोणी बापाच्या नावावरून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे गावावरून '-कर' आणि वृत्तीवरून जोशी, कुलकर्णी, पाटील झाले, त्याहून हे फारसे निराळे नाही. 'स्टीफन्स'मधला शेवटचा 'स' म्हणजे आपला '-चा' प्रत्यय. "कोणाचा रे तू?" या प्रश्नाचे उत्तर : "स्टीफनचा." बहुधा मुलगा, क्वचित चाकरही. हा 'स' इंग्लंडच्या दक्षिणेत आणि वेल्सच्या सीमेवर अधिक आढळतो. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी 'सन', म्हणजे पुत्र, हा शब्द जोडण्याची रीत होती. म्हणूनच आगगाडीच्या इतिहासात अजरामर झालेले नॉर्थंबरलंडचे जॉर्ज स्टीफन्सन आणि एडिंबरोत जन्मलेले कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या आडनावांत 'सन' आहे.

आरंभी हे आडनाव पिढीगणिक बदलत असे. स्टीफनच्या मुलाचा मुलगा आणखी कोणाचा तरी होई. ते पक्के व्हायला दप्तराची मदत झाली. जमिनीचा वारसा सांगायला ठरावीक आडनाव सोयीचे होते. १३७७ साली चौदा वर्षांवरील प्रत्येकाकडून चार पेन्स डोईपट्टी वसूल करताना कारकुनांनी माणसे नावनिशीवार लिहून काढली. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेही विवाह व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा केली. आमच्या कार्यालयातील कपाट त्याच परंपरेतले आहे. एकदा शाईत उमटलेले नाव पुसले जाईना.

मात्र लिहिणारा ऐकेल तसे लिही. इंग्रज माणूस या नावाचा उच्चार 'स्टीव्हन्स' असा करतो. म्हणून कोणी ग्रीक वळणाने लिहिले, कोणी उच्चाराप्रमाणे. एकाच घराण्याची, कधी एकाच माणसाचीही, दोन-तीन रूपे दप्तरात सापडतात. शिवाय प्रत्येक गावात कोणी ना कोणी स्टीफन होताच, त्यामुळे हे आडनाव एकाच वेळी अनेक उंबरठ्यांवर जन्मले. सारे स्टीफन्स एका रक्ताचे नव्हेत. आडनाव रक्ताची ग्वाही देत नाही. कोण्या काळी कोणी तरी आपल्या पूर्वजाला कसे हाक मारली, एवढेच ते सांगते.

या नावाने आपल्या किनाऱ्याला पाय लावला तो एका मुलाच्या रूपाने. विल्टशर परगण्यातील बुश्टन गावी १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स जन्मला. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा हा अपराध ठरत होता. राजसत्तेच्या चर्चमध्ये रविवारी न जाणाऱ्याला १५५९ च्या कायद्याने बारा पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंड झाला, आणि १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात राहणे हा राजद्रोह ठरला. तेथे लपूनछपून सेवा करणाऱ्या येशूसंघीयांना टोपणनावे घ्यावी लागत. स्वतःचे आडनाव उघड सांगणे म्हणजे फासाला आमंत्रण. थॉमसने देश सोडला, १५७५ मध्ये रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्याला पोहोचला.

येथे त्याच्या आडनावाचे काय झाले पाहा. गोव्याहून त्याने १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना पत्र लिहिले. वडिलांचेही नाव थॉमसच. हॅक्लुट या इंग्रज ग्रंथकाराने ते आपल्या प्रवाससंग्रहात छापले, तेव्हा पिता-पुत्र 'स्टीव्हन्स' झाले. पोर्तुगीज दप्तराने त्याचे 'एस्तेव्हांव' केले. काही ठिकाणी तर जन्मगावावरून तो 'बुस्तेन' झाला, जणू आपला 'बुश्टनकर'! एका माणसाची एवढी आडनावे; पण त्यांतल्या कशासाठी तो अडून बसल्याचे दिसत नाही. साष्टीच्या गावांतून तो फिरला, लोकांची भाषा शिकला, कोकणीचे व्याकरण रचले, आणि १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यातून मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' बाहेर पडले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ लोकांनी हाताने उतरवून घेतला, गायला, पिढ्यान्पिढ्या जपला. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, तो हस्तलिखितांच्याच आधारे. १६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यात निवर्तले. ते संन्यस्त, त्यांच्यापाठी आडनाव चालवणारा पुत्र नव्हता. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते नाव चार शतके टिकून आहे.

आता आपल्या आडनावांकडे वळू. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, आणि परेरा म्हणजे नासपतीचे झाड. पोर्तुगिजांत 'एस्तेव्हिस' असेही एक आडनाव आहे. ते 'स्टीफन्स'चे सख्खे भावंडच. पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या पूर्वजांना ही नावे मिळाली. ती परकी होती, यात शंका नाही. पण 'स्टीफन्स'ही इंग्रजांना परकेच होते : शब्द ग्रीकांचा, आदर्श यरुशलेमच्या रक्तसाक्ष्याचा, आणि आणणारे हात परचक्राचे. शेकडो वर्षे त्या नावाने इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी नांगर धरला, आयांनी लेकरांना हाका मारल्या, मातीआड गेलेल्यांची नोंद झाली. म्हणून ते इंग्रजी झाले. आडनाव कोणी दिले यावर ते आपले की परके हे ठरत नाही. त्या नावाची माणसे कोणत्या मातीत राबली आणि कोणत्या भाषेत रडली-हसली, यावर ठरते.

तो तरुण दुरुस्त केलेला दाखला न्यायला परत आला, तेव्हा त्याच्या आजोबांची नोंद मी त्याला पुन्हा दाखवली. नावापुढे व्यवसाय लिहिला होता : शेतकरी. त्याने त्या ओळीवरून बोट फिरवले आणि विचारले, "फादर, या पानाची प्रत मिळेल का?"

मी ती त्याला दिली. आडनाव बदलायचे की ठेवायचे, हा त्याचा निर्णय. पण तुम्ही कुठले, असे कोणी पुन्हा विचारले, तर उत्तर त्याच्या हाती आहे.