चुकलेल्या घावाची साक्ष

नाण्यावर राजाचे नाव असते, घडविणाऱ्याचे नसते. मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची, ही रीत आम्हां कारकून मंडळींस नवी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावर तर खुद्द भोसल्यांचेही नाव नसे. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. तरी नागपूरच्या राज्यात रुपया पडे तो मोगल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत. मग त्या कारागिराचा माग कसा लागावा? आमच्या मते तो त्याच्या चुकांवरून लागतो. म्हणूनच बिघडलेली चांदीची नाणी जमविणे आम्ही पोरखेळ समजत नाही.

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त टाकसाळीतील कामांची वाटणी सांगितली आहे. एकाने चकती दोन ठशांमध्ये ठेवावी, दुसऱ्याने घण घालावा. चकती सरकली की मजकूर एकीकडे जाई. दुसरा घाव बसला की अक्षरांवर अक्षरे चढत. आधीचे नाणे वरच्या ठशास चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एकच मजकूर दोन्ही बाजूंस उमटे: खाली उठावाचा, वर उलटा व खोलगट.

परंतु दिसेल ते वैगुण्य चूक नव्हे. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे अर्धवट अक्षरे हा त्या काळचा नित्याचाच प्रकार होय. शिवाय याच छत्तीसगडात शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची पातळ सुवर्णनाणी सापडली आहेत. त्यांची मागची बाजू खोलगट व उलटी असते, कारण ती एकाच बाजूने ठोकून उठविलेली आहेत. तेथे जी घडण, तीच रुपयावर चूक ठरते.

१८३५ च्या कायद्याने कंपनीचा १८० ग्रेनचा यंत्रावर पाडलेला रुपया आला. १८५४ साली नागपूरचे राज्यही खालसा झाले. जुने रुपये हळूहळू मुशीत गेले. त्यांत सदोष नाण्याची कणव कोणास येणार?

बदलीच्या गावी असे नाणे हाती आले, तर ते घासूनपुसून लख्ख करू नये. वजन व मिळाल्याचे ठिकाण टिपून ठेवावे. जमिनीत पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. रायपुरात महंत घासीदास यांच्या नावाचे संग्रहालय १८७५ पासून आहे. तेथील जाणकारांस नाणे अवश्य दाखवावे. आटविलेल्या चांदीतून कारागिराचा हात पुन्हा वाचता येत नाही.