अंगारा आणि पेनिसिलिन

1809 साली मारिया ग्रॅहॅम ही इंग्रज लेखिका चिंचवडला आली. पवनेकाठच्या वाड्यात तिला ‘देव’ भेटले. मोरया गोसावींच्या वंशात पिढ्यानपिढ्या गणपतीचा अंश उतरतो अशी श्रद्धा होती आणि गादीवरच्या पुरुषाला लोक ‘देव’च म्हणत. ग्रॅहॅमबाईंना दिसला तो ओसरीवर साध्या लाकडी बैठकीवर बसलेला एक लहान मुलगा. त्याला इतर मुलांबरोबर खेळायची मुभा नव्हती. त्याच्या डोळ्यांत एक भेदरलेली चमक होती आणि ती रोज दिल्या जाणाऱ्या अफूमुळे आहे, असं बाईंच्या कानावर आलं. मुलाने त्यांच्या हातावर बदाम आणि खडीसाखरेचा प्रसाद ठेवला, बाईंनी मूठभर रुपये दिले आणि त्या निघाल्या. त्याआधी काही वर्षं एडवर्ड मूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने याच गादीवर एक लेख लिहिला होता. तो 1801 मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आला, आणि चिंचवडचा देव युरोपातल्या वाचकांपर्यंत पोचला.

या गादीच्या कीर्तीच्या मुळाशी ज्या आख्यायिका आहेत, त्यांतली एक डोळ्यांची आहे. मोरया जिथे पूजा करत त्या घराच्या उंबऱ्याला एका आंधळ्या मुलीचा हात लागला आणि तिला दिसू लागलं, असं सांगतात. बातमी पसरली, माणसांची रीघ लागली.

ही रीघ समजून घ्यायची तर तेव्हाचं गाव डोळ्यांसमोर आणावं लागतं. गळू फोडायला न्हावी, बाळंतपणाला सुईण, काढ्याला एखादा वैद्य. याच्या पलीकडचं जे काही दुखणं असेल त्याला देवऋषी किंवा भगत. तो कौल लावायचा, अंगारा द्यायचा, गंडादोरा बांधायचा, तिठ्यावर उतारा टाकायला सांगायचा. डॉक्टर असा कुठे नव्हताच, त्यामुळे डॉक्टर सोडून देवऋषीकडे जाण्याचा प्रश्नही नव्हता. आजचा प्रश्न वेगळा आहे, तो याच एका फरकामुळे.

आजाराचं नावच जिथे देवाचं होतं, तिथे उपचार आणि पूजा वेगळी काढता येत नव्हती. मराठीत तर एका रोगाला आजही ‘देवी’ म्हणतात. अंगावर फोड उठले की घरात देवी आल्या. मग कडुलिंबाचा टहाळा दाराला, रोग्याला थंड खाणं, आणि औषध मात्र नाही, कारण औषध दिलं तर देवी कोपेल. दुखण्यातून उठलेल्या मुलाच्या डोळ्यांना इजा झाली नाही, तर आई शीतळादेवीला चांदीचे डोळे वाहायची. अंधत्वाचं एक मोठं कारण देवीच होत्या. पटकीचंही तसंच. ती मरीआईची. तिची समजूत काढून तिला गावच्या शिवेबाहेर पोचवायचं, म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत.

14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. लशीचा अंश बगदाद-बसऱ्यामार्गे आला होता. पुढे कित्येक वर्षं लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात टोचत. कुणाच्या मुलाचा फोड, कुठल्या जातीचा, या प्रश्नांनी घराघरांत दारं लावली गेली. तरी लोकांनी या नव्या क्रियेलाही जुन्याच शब्दात बसवलं. ‘देवी टोचणं’, ‘देवी काढणं’ असेच शब्द रूढ झाले. देवीचं नाव राहिलं आणि रोग गेला. भारतात शेवटचा रोगी 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

प्लेगच्या वेळी मात्र हे इतकं सामंजस्याने झालं नाही. 10 जानेवारी 1897 रोजी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग समितीचे गोरे शिपाई घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांच्या तपासण्या झाल्या, सामान जाळलं गेलं. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणाऱ्या चापेकर बंधूंचं घर चिंचवडचं, आणि त्यांचे वडील हरी विनायक चापेकर हे कीर्तनकार. चिंचवडच्या चापेकर चौकातून रोज हजारो कामगार पाळीवर जातात, त्या चौकाचं नाव एका साथीशी असं जोडलेलं आहे. औषध शिपायाच्या बुटांनी घरात आलं की माणूस औषधालाही शत्रू मानतो. त्या वर्षीच्या जुलमाने डॉक्टरांवरचा जो विश्वास गेला, त्याचा फायदा अंगारेवाल्यांनाच झाला असणार.

त्याच साथीत याच पुण्यात वेगळंही घडत होतं. सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्येच ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून, गरोदर बाईच्या मनात पोटातल्या बाळाची भीती घालून कुणब्याला नागवणारा जोशी लोकांपुढे उभा केला होता. त्याही आधी देहूच्या तुकोबांनी नवसाने मूल होण्याच्या समजुतीवर कोरडे ओढले होते. अंगाऱ्याला विरोध बाहेरून आला नाही. तो याच मातीत, बऱ्याचदा भक्तांच्याच तोंडून उगवला. गाडगेबाबा कीर्तनातून नवस-सायास आणि बुवाबाजी झोडपत, आणि रोग्यांच्या नातेवाइकांना शहरात पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून धर्मशाळा बांधत.

1954 हे साल पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यासाठी महत्त्वाचं आहे. त्या वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुढे इथल्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीवरचं ‘हॅमायसिन’ शोधून काढलं. ज्या तापाने आणि जखम चिघळून माणसं दगावत, त्यावर आता गावाच्या वेशीवरच इलाज बनत होता.

आणि त्याच 1954 मध्ये संसदेने औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मंजूर केला. त्याची भाषा आज वाचली तरी कायदा करणाऱ्यांना गावची नाडी ठाऊक होती हे कळतं. ‘चमत्कारी उपाय’ म्हणजे ताईत, मंत्र, कवच आणि तसलंच काहीही, अशी व्याख्या त्यात आहे. जाहिरात म्हणजे केवळ छापील कागद नव्हे, तोंडी केलेली घोषणासुद्धा जाहिरातच. याचा अर्थ, सत्संगाच्या मंचावरून ‘या पाण्याने कॅन्सर जातो’ असं सांगणंही त्यात येतं. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायची नाही त्यांची यादी शेवटी जोडली आहे. कर्करोग, मधुमेह, फेफरं, पक्षाघात, क्षय, प्लेग, देवी, आणि हो, अंधत्वही.

कारखाना आला म्हणून अंगारा गेला नाही. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका, आणि पुढे नाशिक रस्त्यावर चाकणपर्यंत शेडच शेड. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतातून आलेला तरुण इथे खोली करून राहतो. त्याचा गाव मागे राहिला. आजारी पडल्यावर कपाळावर हात ठेवणारं माणूस जवळ नाही. कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे पगारात कपात. अशा वेळी गुरुवारची बैठक, दर्ग्यातली जुम्मेरात किंवा रविवारची चंगाई सभा त्याला माणसं देते, आणि माणसांबरोबर उपायही देते.

त्यातला कावीळ उतरवण्याचा उपाय जवळून पाहण्यासारखा आहे. रोग्याच्या डोक्यावर एक माळ ठेवतात. ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवून ती केलेली असते. सुरुवातीला ती डोक्यावर चुंबळीसारखी मावते. दिवसागणिक ती वाढत जाते, कानावरून घसरते, गळ्यात येते, छातीवर लोंबते. माळ वाढते म्हणजे कावीळ उतरते, असा हिशेब. घडतं ते इतकंच, की काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल होऊन सरकतात आणि दोरा लांबतो. तीच माळ खुंटीला टांगली तरी लांबते. दुसरा प्रकार हात धुण्याचा. तळहाताला आंब्याच्या सालीचं पाणी चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. ज्याला कावीळ नाही त्याच्याही हातातून ती पिवळी ‘कावीळ’ निघते.

तरीही बहुतेक रोगी बरे होतात, आणि इथेच या उपायाची ताकद आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ छातीवर येईपर्यंत डोळे पांढरे झालेले असतात. श्रेय माळेला जातं. पण गरोदर बाईला हेपटायटिस ई झाला असेल, पित्तनलिकेत खडा अडकला असेल किंवा यकृतात गाठ असेल, तर त्या आठवड्यांतच डाव हातचा जातो. उतरवणाऱ्याकडे रक्ताची तपासणी नसते, त्यामुळे दोन काविळींतला फरक त्याला दिसणारच नसतो.

सापाचं गणित असंच आहे. चावणारे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात जातंच असं नाही. म्हणून भैरोबाच्या पारावर नेलेली पुष्कळ माणसं उठून घरी येतात, आणि ज्याला खरोखर मण्यार किंवा घोणस चावली त्याचा लाखमोलाचा तास तिथेच संपतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, त्याआधी कोकणात विंचवाने मुलं दगावत. चाकणवरून जाणाऱ्या याच नाशिक रस्त्यावर, नारायणगावात, डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाचे रोगी वाचवत आले आहेत. रोग्याबरोबर आलेल्या लोकांचं प्रबोधन करणं हेही त्यांच्या कामातच येतं.

1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. गावोगावी कार्यकर्ते अशा उपायांमागची क्लृप्ती लोकांसमोर उलगडून दाखवत. अशा प्रकारांना आळा घालणारा, वर्षानुवर्षं रखडलेला कायदा दाभोलकरांच्या हयातीत झाला नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. काही दिवसांतच राज्याने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो कायदा म्हणून मंजूर केला. या कायद्याने देव मानण्याला, पूजेला, वारीला हात लावलेला नाही. त्याच्या अनुसूचीत जी बारा कृत्यं आहेत, त्यांतलं एक कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करण्याबद्दल आहे. बोटाने शस्त्रक्रिया केल्याचा आणि गर्भाचं लिंग बदलल्याचा दावाही त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यातला ‘रोखून’ हा शब्द फार मोलाचा आहे. अंगारा लावून दवाखान्यात आलेल्या माणसाशी कायद्याचं भांडण नाही. त्याला दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याशी आहे.

कायदा झाल्यावरही 2018 च्या मार्चमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एका अत्यवस्थ तरुणीवर मांत्रिकाने उतारे केल्याचं उघड झालं. त्याला तिथे घेऊन आलेला माणूस डॉक्टर होता. ती तरुणी वाचली नाही. दोघांवर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

मग कोरोना आला. जून 2020 मध्ये हरिद्वारहून पतंजलीने ‘कोरोनिल’ बाजारात आणलं, तेव्हा त्यामागे एका योगगुरूच्या लाखो अनुयायांचा विश्वास उभा होता. चाचण्यांचा पुरावा नसताना कोरोनावरचं औषध म्हणून ते राज्यात विकू देणार नाही, अशी भूमिका महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घेतली. पिंपरी-चिंचवडमध्ये तेव्हा यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका पीपीई किट घालून पाळ्यांमागून पाळ्या करत होते.

त्याच जूनमध्ये आळंदी आणि देहूच्या संस्थानांपुढे शतकांची परंपरा होती. लाखो वारकऱ्यांची पायी वारी काढायची की नाही, हा प्रश्न होता. पायी वारी झाली नाही. मोजक्या माणसांनिशी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच झालं. फुलांनी सजवलेल्या त्या बस दोन्ही गावांतून बाहेर पडल्या, तेव्हा एरवी टाळ घेऊन चालणारे वारकरी आपापल्या घरात होते, आणि दारातूनच हात जोडून उभे होते.