‘बाटला’ म्हणजे काय झाले?

परभणी जिल्ह्यातला मुसलमान दोन भाषांत जगतो. घरात दख्खनी, शेतात आणि बाजारात मराठी. कुणी धर्म सोडला तर घरातली भाषा म्हणते, ‘दीन से फिर गया’. बाहेरची मराठी म्हणते, ‘बाटला’. या दोन क्रियापदांत फार मोठे अंतर आहे.

फिरतो तो माणूस स्वतः. अरबीतल्या ‘इर्तिदाद’ या शब्दाच्या मुळाशीही मागे फिरणे हाच अर्थ आहे. बाटते मात्र भांडे, बाटते विहीर, आणि तसाच बाटतो माणूस. ‘बाटला’ म्हटले की त्याने काही केले नाही, त्याला काहीतरी झाले. ‘बाटवला’ म्हटले की दुसऱ्याने केले. त्याने विचार करून निर्णय घेतला, असे सांगायला या क्रियापदात जागाच नाही. ते श्रद्धेविषयी बोलत नाही, विटाळाविषयी बोलते.

नेताजी पालकरांना औरंगजेबाच्या कैदेत १६६७ साली मुसलमान करण्यात आले. १६७६ साली ते शिवाजी महाराजांकडे परतले आणि पुन्हा हिंदू झाले. तिथे जबरदस्ती होती, म्हणून ‘बाटवले’ म्हणणाऱ्याची भावना आम्ही समजू शकतो. पण तेच क्रियापद सरसकट मराठी मुसलमानांच्या साऱ्या पूर्वजांना लावले गेले. ‘बाटगा’ ही शिवी त्यातलीच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तो समाज ‘आम्ही बाटलो’ म्हणाला नाही, ‘दीक्षा घेतली’ म्हणाला. ‘घेतली’ म्हणताच निर्णय त्यांचा स्वतःचा झाला. मराठीला हे शक्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपल्या घराकडे पाहू. ‘मुर्तद’ हा शब्द आपणही सहज उच्चारतो आणि पुढचे ऐकून घेत नाही. हमीद दलवाई १९७७ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता त्यांचे दहन झाले. त्यांची मते पटोत वा न पटोत, तो निर्णय त्यांचा होता. धर्मात जबरदस्ती नाही, हे आपण कुरआनाच्या आधारे इतरांना सांगतो. ते अशा माणसाविषयी बोलतानाही आठवले पाहिजे.

‘धर्म स्वीकारला’, ‘धर्म सोडला’ ही साधी, स्वच्छ मराठी आहे. आपल्यात आलेल्यांसाठी ती आपण मागतो. आपल्यातून गेलेल्यांसाठीही आपण तीच वापरली पाहिजे.