नाण्याला कडी लावावी का?

लग्नसराई आली की पुतळीमाळेची आठवण होतेच. पण या दागिन्याला पुतळी हे नाव कसं पडलं, हे फारसं कुणी विचारत नाही. मूळची पुतळी हा दागिना नव्हताच, ते एक नाणं होतं. आणि तेही आपल्या मुलखातलं नव्हे, तर इटलीतल्या व्हेनिसचं. १२८४ मध्ये व्हेनिसने डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला सेंट मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू ख्रिस्त. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं, तोवर पाचशे वर्षं या नाण्याचा कस टिकून राहिला. व्यापाराच्या वाटेने ते आपल्या किनाऱ्यावर आलं. त्यावरच्या आकृत्या बघून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं, कडी लावली आणि रेशमात ओवून गळ्यात घातलं. पुढे सोनारच तशा चकत्या ठोकू लागले आणि नाण्याचं नाव दागिन्याला कायमचं चिकटलं.

आता प्रश्न असा, की नाण्याला कडी लावणाऱ्या त्या सोनाराने इतिहासाची नासधूस केली की इतिहास घडवला?

नाणी जमवणाऱ्या माणसाला विचाराल, तर तो हळहळतो. कडीची झाळ बसली, भोक पडलं की त्याच्या लेखी नाण्याची किंमत घसरली. पण ज्या बाईच्या गळ्यात ती माळ होती, तिचा हिशेब वेगळा होता. १८३५ पासून कंपनी सरकारने पाडलेला एकसारखा चांदीचा रुपया घ्या. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. पुढे राणीछाप रुपयाही त्याच वजनाचा आणि कसाचा राहिला. दहा रुपयांची माळ म्हणजे दहा तोळ्यांचा ऐवज. तो तोलायला तराजू नको आणि पारखायला सोनार नको. बँक दूर आणि सावकार दारात, अशा काळात कित्येक बायांची शिल्लक त्या माळेतच होती. दुष्काळात एकेक रुपया सुटा करून मोडता येत असे. तेव्हा ती कडी म्हणजे नाण्याला झालेली इजा नव्हे, तर एका घराच्या जमाखर्चाची नोंद आहे.

आणि भोक म्हटलं की नाणं बाद, असंही नाही. १९४३ मध्ये महायुद्धामुळे धातूची टंचाई झाली, तेव्हा खुद्द सरकारनेच मधोमध भोक असलेला पैसा काढला होता. भोक कुणी पाडलं, कधी पाडलं आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून असतं.

याच्याच जवळचा एक वाद अमेरिकेत चालतो, तो कॅसिनोतल्या पोकरच्या चकत्यांवरून. जुगारघरात पैशांऐवजी या रंगीत चकत्या वापरतात. एखादं जुगारघर बंद पडलं की तिथल्या शिल्लक चकत्या काही हौशी मंडळी घरच्या खेळासाठी विकत घेतात. मग त्यांच्या कडा घासायच्या, मधलं छापील नाव काढायचं आणि तिथे आपलं चिकटवायचं. संग्राहक म्हणतात, एका वास्तूची खूण पुसली गेली. खेळणारे म्हणतात, खेळण्यासाठीच केलेली वस्तू आम्ही खेळात ठेवली. खरं तर दोघांचंही बरोबर आहे. एकाच छापाच्या हजारो चकत्या असतील, तर त्यांतल्या शे-दोनशे बदलल्याने काही अडत नाही. उरल्याच पाच-दहा असतील, तर मात्र हात आखडायला हवा.

हाच हिशेब आपण शिवराईला लावून पाहू. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या टांकसाळींतून तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढेही मराठी राज्यात शिवराया पडत राहिल्या आणि पेशवाई संपल्यावरही त्या व्यवहारात होत्या. त्यामुळे आजही त्या पुष्कळ सापडतात आणि अनेक तरुण त्या लॉकेटमध्ये अभिमानाने घालतात. त्या भावनेला नावं ठेवायचं कारण नाही. पण सगळ्या शिवराया एकसारख्या नसतात. अक्षरांचं वळण, ठिपक्यांची मांडणी आणि वजन यांत अनेक प्रकार आहेत, आणि त्यावरूनच अभ्यासक काळ ठरवतात. नाणं चकाकावं म्हणून ते चिंच-मिठाने किंवा पॉलिशच्या यंत्रावर घासलं, की नेमका हाच मजकूर झिजतो.

आपल्या उपनगरांना तर हे चांगलं कळायला हवं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी गावं जुन्या साष्टी बेटावरची. याच साष्टीत सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी मिळाली आहेत. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसरीकडे बसलेला नंदी. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटांत, कृष्णराजानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, याच ‘कृष्णराज रूपकां’चा उल्लेख येतो. म्हणजे राजा गेला तरी त्याचं नाणं चालूच होतं. घारापुरीलाही कृष्णराजाची नाणी सापडली आणि तिथल्या लेण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांनी त्यांचा आधार घेतला. ज्याला ती सापडली, त्याने मुकाट्याने कड्या लावून घेतल्या असत्या, तर नाणी राहिली असती, पण ती कुठली, हे सांगणारा दुवा तुटला असता. नाण्याची खरी दौलत त्याच्या धातूत जितकी, तितकीच त्याच्या सापडण्याच्या जागेत असते.

म्हणूनच १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे. आज उपनगरांत जागोजागी जुन्या इमारती पाडून नवे पाये खणले जात आहेत, तेव्हा हा जुना कायदा लक्षात असलेला बरा. २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार चलनातली नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हाही गुन्हा आहे.

पण घरच्या पेटीत पिढ्यान् पिढ्या असलेल्या नाण्याचं काय? तिथे मालकी आपली आणि निवडही आपली. माझ्या मते दागिना करण्यात पाप नाही. पाप आहे ते बदल लपवण्यात. जुन्या माळेतलं नाणं घ्यायचं, कडी तोडायची, भोक बुजवायचं, झाळ घासून टाकायची आणि ते ‘अस्सल, न वापरलेलं’ म्हणून विकायचं, असले प्रकारही होतात. इथे घेणाऱ्याची फसवणूक होते, ती तर खरीच. पण त्याशिवाय माळ घालणाऱ्या बाईची त्या नाण्यावरची एकमेव खूणही पुसली जाते. तांब्याचे नवे साचे काढून जुन्या शिवराया म्हणून खपवणं हेही त्याच जातीचं. नक्कल जरूर करावी, मात्र तिला नक्कल म्हणावं.

मग करावं काय? उपाय साधे आहेत. जुन्या माळेची कडी तशीच राहू द्यावी. नव्याने नाणं गळ्यात घालायचं असेल, तर झाळ देण्याऐवजी त्याला कडेने धरणारं कोंदण करून घ्यावं, म्हणजे उद्या ते सुटं करता येईल. घासूनपुसून चकचकीत करू नये. नाणं दुर्मिळ वाटलं तर सोनाराकडे नेण्याआधी जाणकाराला दाखवावं, आणि मिरवायला नक्कल वापरावी. आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून, वजन करून, ते कुणाकडून आणि केव्हा आलं हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवावं. घर बदलताना पितळी डबा हमखास सोबत येतो, पण त्यातल्या नाण्यांची हकिगत आजीबरोबर निघून जाते. ती चिठ्ठी आजी असतानाच लिहायला हवी.