यवद्वीप आणि गोदाकांठ



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब जावा आणि बाली ह्या बेटांचा प्रवास करून आला. शाळेंत असतांना भूगोलाच्या तासाला तो हमखास झोप काढीत असे; हें येथें जाहीर केलें म्हणून तो रागावणार नाहीं, अशी आशा आहे. परत आल्यावर तो मुद्दाम मला भेटावयास आला आणि त्यानें दोन तास मला आपल्या मोबाइलवरील चित्रें दाखविलीं. शेवटीं तो म्हणाला, "गुरुजी, काय तें बोरोबुदुर आणि काय तें प्रंबनन! आणि आपल्या परभणी जिल्ह्यांत? धूळ, कापूस आणि ऊन! पाहण्यासारखें आपल्याकडे आहे तरी काय?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं मला नीट देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा प्रयत्न करतों. त्याला उत्तर देतां देतां मलाच एक गोष्ट कबूल करावी लागली. परंतु ती यथाक्रम येईल.

प्रथम त्याच्या बेटांकडे वळूं. जावा म्हणजे आपलें यवद्वीप. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडांत सुग्रीव वानरांना सीतेच्या शोधासाठीं दिशोदिशीं धाडतो, तेथें ह्या द्वीपाचें नांव आलें आहे. मध्य जावांतील चंगल येथें संजय नांवाच्या राजाचा एक शिलालेख सांपडला आहे. तो संस्कृत भाषेंत असून त्यांत ह्या बेटाच्या धान्याची व सोन्याची वाखाणणी आहे. त्यावर काल दिला आहे तो शके ६५४, म्हणजे इसवी सन ७३२. शके हा शब्द ऐकून आपण गोदाकांठच्या लोकांनीं कान टंवकारले पाहिजेत. पैठणच्या शालिवाहनाशीं आपण ज्याचें नांव जोडतों, पंचांगाच्या पहिल्या पानावर जो आंकडा आपण पाहतों, तोच हा शक. बालींतील हिंदू आजहि तोच शक मानतात. त्यांचा वर्षारंभ कधीं आपल्या पाडव्याच्या दिवशीं, कधीं एखाद्या दिवसाच्या तर कधीं महिन्याच्या अंतरानें येतो. २०२३ सालीं मात्र दोन्ही एकाच दिवशीं, २२ मार्चला आले व दोन्हीकडे शके १९४५ सुरू झालें. फरक एवढाच, कीं आपण गुढी उभारून गोडाधोडाचें जेवतों आणि ते तो दिवस मौनांत घालवितात. रस्त्यावर कोणी फिरत नाहीं, दिवे लावीत नाहींत, फार काय, विमानतळसुद्धां एक अहोरात्र बंद असतो. चाळीस मुलांच्या वर्गावर उभें राहून ज्यानें आयुष्य काढलें, त्याला अशा सणाचा हेवा वाटला तर नवल नाहीं.

बोरोबुदुर हा बौद्धांचा महास्तूप. शैलेंद्र राजांच्या काळीं, इसवी सनाच्या ८ व्या शतकाच्या अखेरीस आरंभ होऊन ९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत तो पुरा झाला. आपल्या वेरूळचें कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळचें, म्हणजे दोहोंत फारसें अंतर नाहीं. परंतु दोन्हीकडची रीत उलट आहे. आपल्या कारागिरांनीं डोंगर वरून खालीं पोखरीत नेला. जावांतल्यांनीं टेकडीवर दगडावर दगड चढवीत नेले. खालीं चौकोनी आणि वर वर्तुळाकार असे एकूण नऊ मजले, त्यांवर ७२ जाळीदार स्तूप आणि मूळच्या ५०४ बुद्धमूर्ती, असा हा पसारा आहे. प्रंबनन हें त्यानंतरचें, ९ व्या शतकाच्या मध्याचें. ब्रह्मा, विष्णु व शिव ह्या तिघांचीं देवळें तेथें एका ओळींत उभीं असून मधलें शिवाचें देऊळ ४७ मीटर उंच आहे. त्याच्या कठड्याच्या आंतल्या बाजूनें रामकथा कोरलेली आहे. ती तेथें न संपतां शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळांत पुरी होते. उत्तरेकडील गाभाऱ्यांत महिषासुरमर्दिनी आहे. आसपासचे लोक तिला रोरो जोंग्रांग नांवाची शापानें दगड झालेली राजकन्या समजतात. मूर्ति तुळजापूरच्या आईच्या कुळांतली आणि कथा मात्र तेथल्या मातीची.

आतां एक गोष्ट लक्षांत घ्यावयाची. हीं देवळें ज्या दगडाचीं आहेत तो ज्वालामुखीचा दगड आहे. बोरोबुदुर व प्रंबनन ह्यांच्या मानेवर मेरापी नांवाचा पर्वत अद्याप धुमसत असतो. २०१० सालीं त्यानें बोरोबुदुरवर राखेचा थर पसरला व तो महिनोन्महिने झाडावा लागला. आणि आपला काळा पाषाण? तोहि लाव्हारसाचाच. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून उसळलेला रस थरावर थर गोठून आपलें दख्खनचें पठार बनलें. कापसाची आपली काळी माती म्हणजे त्याच दगडाची राख-रांगोळी. त्यांचा पर्वत जागा आहे, आपला केव्हांच निजला, इतकाच काय तो भेद. चुन्यावांचून, खांचेंत खुंटी बसवून दगड जोडण्याची युक्तिहि दोन्हीकडे आहे.

त्या विद्यार्थ्याला मीं म्हटलें, "चल, चारठाण्याला जाऊं."

चारठाणा हें जिंतूर तालुक्यांतलें गांव, जिंतुराहून मंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर. गांवांत ३६० देवळें आणि ३६० विहिरी होत्या, असें तेथें कोणीहि सांगतो. वर्षाच्या दिवसांइतकी देवळें असण्याची ही कथा महाराष्ट्रांत अनेक गांवीं ऐकूं येते. ती अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु जें शिल्लक आहे तें पाहिल्यावर ती कथा कां जन्मली हें कळतें. गोकुळेश्वराचें देऊळ आहे, उकंडेश्वराचें आहे, आणि नखशिखांत कोरलेला तो उंच एकाकी स्तंभ आहे. कोणी त्यास मानस्तंभ म्हणतात, कोणी विजयस्तंभ, तर कोणी दीपमाळ. भोंवतीं गाईगुरें, कडब्याच्या गंजी, शाळेंत जाणारीं मुलें. आणि मधोमध ही यादवकालीन नक्षी! विद्यार्थी त्या स्तंभाभोंवतीं दोनदां फिरला आणि कांहीं बोलला नाहीं. तो बोलत नाहीं म्हणजे त्यानें धडा ऐकला, हें मला जुन्या अनुभवानें ठाऊक होतें.

येथें एक गैरसमज दूर करतों. काळ्या दगडाचें व चुन्यावांचून बांधलेलें देऊळ दिसलें कीं आपण त्यास हेमाडपंती म्हणून मोकळे होतों. हेमाद्रि पंडित हा महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री, १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांतला. पुष्कळ 'हेमाडपंती' देवळें त्याच्या जन्मापूर्वींच बांधून झालीं होतीं. मीं स्वतः वर्गांत वर्षानुवर्षें हेंच चुकीचें शिकविलें. त्या काळच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें भाषण ऐकत असल्यास त्यानें आपल्या वहींत दुरुस्ती करून घ्यावी.

चारठाण्याहून दुसऱ्या टोंकाला, गंगाखेड तालुक्यांत गोदावरीकांठीं धारासूर आहे. तेथील गुप्तेश्वराचें देऊळ माझ्या मतें ह्या जिल्ह्याचें भूषण होय. खालीं काळा पाषाण आणि वर विटांचें शिखर. बाह्यांगावर सुरसुंदरी आहेत. त्यांतल्या कित्येकींच्या अंगावरचे अलंकार आजहि सोनाराला पुढें ठेवून घडवितां येतील असे आहेत. हें देऊळ दीर्घकाळ खचत, वांकत आलें. आतां शासनानें त्याच्या जतनाचें काम हातीं घेतलें आहे.

इतर स्थळांचा उल्लेख धांवता करतों. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैनांचीं लेणीं आहेत. बसक्या दारांतून वांकून आंत जावें तों समोर भली मोठी तीर्थंकरमूर्ति दिसते आणि मनुष्य वांकलेलाच राहतो. पार्श्वनाथाची एक प्रचंड मूर्ति तर एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे. गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. तिच्याविषयीं मराठी घरांत अधिक सांगावयास नको. पाथरीचें नांव इतिहासांत निराळ्याच कारणानें येतें: अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद ह्याचा बाप मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यांतला, असें फिरिश्ता लिहितो, आणि पुढें ह्याच पाथरीसाठीं बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशाहीशीं झुंज घेतली. परभणी शहरांत सय्यद शाह तुराबुल हक ह्यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारींत भरतो आणि त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक असतात. औंढा नागनाथाचें नांव मीं घेतलें नाहीं, तें विसरून नव्हे; १ मे १९९९ पासून तें हिंगोली जिल्ह्यांत गेलें आहे.

मुद्गलेश्वराचें मात्र दोन शब्द अधिक. पाथरी तालुक्यांत मुद्गल येथें हें देऊळ गोदावरीच्या पात्रांतच उभें आहे. पावसाळ्यांत नदी चढली कीं देव पाण्याखालीं जातो आणि पाणी ओसरलें कीं पुन्हा दर्शन देतो. बालीच्या किनाऱ्यावर तनह लोट म्हणून एक देऊळ समुद्रांतल्या खडकावर आहे. ओहोटीला त्याच्या पायथ्याशीं चालत जातां येतें. माझ्या विद्यार्थ्यानें तेथें सूर्यास्त पाहण्यासाठीं शेंकडो माणसांत रेटारेटी केली होती. तो खडक लाटांनीं ढांसळूं लागला तेव्हां तेथल्या सरकारनें जपानच्या साहाय्यानें त्याची डागडुजी केली. आज दिसणाऱ्या खडकाचा तिसरा हिस्सा कृत्रिम आहे. हें मीं सांगितलें तेव्हां विद्यार्थी थोडा खट्टू झाला.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जावांतील देवळें आज जशीं दिसतात तशीं तीं शतकानुशतकें उभीं होतीं असें कोणी समजूं नये. १० व्या शतकांत राजधानी पूर्व जावांत गेली, देवळें ओस पडलीं, भूकंपांनीं प्रंबननचे ढिगारे झाले. १८१४ सालीं इंग्रजांचा तेथील गव्हर्नर रॅफल्स ह्यानें कॉर्नेलियस नांवाच्या डच अभियंत्यास पाठविलें, तेव्हां झाडें तोडून आणि माती उपसून बोरोबुदुर मोकळें करावें लागलें. त्यानंतर नवें संकट आलें. डच अंमलदार प्रंबननच्या मूर्ती उचलून आपल्या बागा सजवूं लागले आणि गांवकरी पायाचे दगड घरें बांधावयास नेऊं लागले. १८९६ सालीं सयामचा राजा चुलालोंगकोर्ण जावांत आला, त्याला बोरोबुदुरचीं शिल्पें आठ गाड्या भरून भेट देण्यांत आलीं! पुढें विसाव्या शतकांत डच पुरातत्त्वज्ञांनीं प्रंबननचें शिवमंदिर पुन्हा उभारावयास घेतलें. त्यांनीं एक नियम घालून घेतला: ज्या देवळाचे निदान तीन-चतुर्थांश मूळ दगड हातीं आहेत, तेंच पुन्हा बांधावें; बाकीच्यांचा पायाच राखावा. एकेक दगड ओळखून, जुळवून तें काम चाललें. मध्यें महायुद्ध आलें, स्वातंत्र्ययुद्ध आलें. अखेर १९५३ सालीं राष्ट्राध्यक्ष सुकार्णो ह्यांच्या काळीं शिवमंदिर पुरें झालें. बोरोबुदुरचा मोठा जीर्णोद्धार १९७५ ते १९८३ ह्या काळांत युनेस्कोच्या साहाय्यानें झाला आणि त्यांत दहा लाखांहून अधिक दगड हलविले गेले. दोन्ही स्थळें १९९१ सालीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं.

चारठाण्याहून परततांना आम्हीं वाटेंत माझ्या गांवीं थांबलों. तेंहि जिंतूर तालुक्यांतच आहे. दोन पिढ्यांपूर्वींचा आमचा वाडा अद्याप उभा आहे. भाऊ व वहिनी तेथें राहतात. परसांत आडाजवळ धुणें धुण्याचा एक लांबट काळा दगड आहे. माझी आई चाळीस वर्षें त्यावर धुणें आपटीत आली. मीं स्वतः त्यावर बसून पाढे पाठ केले. विद्यार्थी हातपाय धुण्यास गेला आणि तेथूनच त्यानें हांक मारली, "गुरुजी, जरा इकडे या." त्या दगडाच्या कडेला, चिखलांत अर्धवट बुडालेली, कमळाच्या पाकळ्यांची एक ओळ होती. साठ वर्षांत ती माझ्या दृष्टीस पडली नव्हती.

पहार घालून आम्हीं दगड उलटला. खालच्या अंगाला एक सुरसुंदरी होती. डोकें नव्हतें, उजवा हात कोपरापासून गेला होता. डाव्या हातांत आरसा आणि पायांशीं एक लहानशी दासी. ती दोन पिढ्या मातींत तोंड घालून पडली होती आणि तिच्या पाठीवर आमचे कपडे स्वच्छ होत होते.

भावाला सारें ठाऊक होतें. गांवाबाहेर ओढ्यापलीकडे एक पडकें देऊळ आहे. वाडा बांधतांना आजोबांनीं तेथून बैलगाडीनें दगड आणले. ज्यांनीं ज्यांनीं त्या काळीं घरें बांधलीं त्यांनीं सर्वांनींच आणले. दगडांना कोणी धनी नाहीं, अशी त्या वेळची समजूत होती. माझे आजोबा पापभीरू गृहस्थ होते. कोणाचें कणीसहि त्यांनीं न विचारतां मोडलें नसतें. आणि मीं? डच साहेबांनीं आपल्या बागा कशा सजविल्या, हें घटकाभरापूर्वींच मोटारींत मोठ्या तिरस्कारानें सांगत होतों!

तो दगड आम्हीं ट्रॅक्टरनें ओढ्यापलीकडे नेऊन जुन्या जोत्यावर ठेवला आणि तहसील कार्यालयास लेखी कळविलें. मग गांवच्या शाळेंतील मुलांना बरोबर घेऊन मीं घरोघर फिरलों. कोणाच्या उंबरठ्याला, कोणाच्या गोठ्याच्या पायाला, पारावर, हौदाच्या कडेला कोरीव दगड आढळले. मुलांनीं ते वहींत चित्रें काढून लिहिले. आजवर ४१ भरले. काढून आणा, असें मीं कोणाला म्हटलें नाहीं. फक्त नोंद केली. तरी एक म्हातारे गृहस्थ काळजीनें म्हणाले, "गुरुजी, आतां आमचा उंबरठाबी उपटायचा का?" मीं म्हटलें, "नाहीं बाबा, फक्त त्यावर पाय देऊं नका." त्यांनीं विचार करून सांगितलें, "मग घरांत यायचं कसं?" ह्याचें उत्तर मला अद्याप सुचलेलें नाहीं. तीन-चतुर्थांश दगड भरतील असेंहि दिसत नाहीं.

आमच्या परसांत आतां शहाबादी फरशी बसविली आहे. तिच्यावर धुणें नीट आपटत नाहीं, अशी वहिनींची तक्रार आहे.